खांबाला बांधलेली कानस

माझं डोकं लवकर तापतं. बायको म्हणायची, चुलीवरचा लाकूड चिकटवायचा सरसबी एवढ्या लवकर उकळत नाय. त्या डोक्यापायी औरंगाबादेत शहागंजातल्या चाचांच्या सुतारी हत्यारांच्या दुकानात मी एकदा जो तमाशा केला, त्याची अजून लाज वाटते.

निजामाचं राज्य होतं. आमच्या पाचोड गावापासून औरंगाबादपर्यंतचे सगळे सुतार याच दुकानात यायचे. करवती, रंधे, बिजागऱ्या, काय नव्हतं तिथं! चाचा आधी गिऱ्हाइकाचा तळवा बघायचे आन् मग त्याच्या हाताला बसंल असंच हत्यार काढून द्यायचे. पुढं तिकडं विलायतेत लढाई पेटली आन् विलायती माल यायचा थांबला. दुकानाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. कानस मिळेना. कानस नाय तर करवतीला धार नाय, आन् धार नाय तर सुतार घरी बसला.

पेरणी तोंडावर आलेली. गावाच्या मोडक्या तिफणी माझ्या अंगणात पडलेल्या, आन् करवत लाकडावर नुसती घसरायची. पेरणी हुकली असती तर गावानं मला दारात उभं केलं नसतं. मोटार धरून शहरात आलो. चाचांकडं एकच तिकोनी कानस उरलेली, आन् ती त्यांनी पायरीजवळच्या खांबाला लांब साखळीनं बांधून ठेवलेली!

"काय लागंल ते घ्या, पण ही मला द्या," मी म्हणालो.

"बेचने की नै, मिस्त्री. हितंच बसा, धार लावा न् जावा. करवतीच्या एका दाताला दोन हात. तिसरा मारायचा नाय, कानस झिजती."

"एवढ्या लांबून दर खेपेला हितं मरायला येऊ का?"

"या की. चहा पाजतो."

मी लई बोललो. कंजूस म्हणालो, नाय नाय ते म्हणालो. धार लावायला रांगेत बसलेले सुतार म्हणाले, "गप बस बाबा, एका ठेकेदारानं दसपट देऊ केले, त्यालाबी दिली नाय." शेवटी झक मारत बसलो. चाचा आत पाठ करून बसलेले. रागारागात मी तिसरा हात मारला, तर आतून खोकला! नुसत्या आवाजावर मोजत होता माणूस. काय कान म्हणायचे!

तिफणी वेळेवर झाल्या. लढाई संपेपर्यंत मी त्या पायरीवर जात राहिलो.

मग माल आला. चौकात काचेच्या कपाटांचं नवं दुकान निघालं. तिथून मी चार कानशी घेतल्या आन् चाचांच्या दुकानासमोरून मान खाली घालून निघालो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! पण त्यांनी हाक मारलीच.

"आल्या का कानशी बाजारात?" पुडक्यातली एक काढून त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. चेहरा असा खुलला की मलाच रडू यायला लागलं. "या अल्ला, सुटलो! पोरगा कवाचा हैदराबादला बोलावतोय. पण दुकान बंद केलं असतं तर तुम्ही लोक धार लावायला कुठं गेला असता?"

म्हणजे विकायला काही नसताना हा माणूस रोज आमच्यासाठी दार उघडत होता. आन् त्याला मी कंजूस म्हणालो होतो! मी पायच धरले. चाचांनी मला उठवलं, साखळी सोडली आन् ती झिजलेली कानस माझ्या हातात दिली.

आठ दिवसांनी दुकानाला कुलूप लागलं. आज माझ्याकडं कानशींना तोटा नाय. पण धार लावताना तिसऱ्यांदा हात उचलला की मी अजून थांबतो, आन् आतून कुणी खोकतंय का ते ऐकतो.