चालता गळ

गळाचं टोक तो आधी अंगठ्याच्या नखावर टेकवायचा आणि हलकेच ओढायचा. टोक नखावरून घसरलं की म्हणायचा, "बोथाट." मग खिशातून कानशीचा तुकडा काढून तीनचारदा घासायचा आणि पुन्हा नखावर. टोक नखात अडकलं की मगच तो गळ डब्यात जायचा. दहा गळ असले तर दहाही असेच. मध्येच कुणी बोलायला आलं तर मान वर न करता म्हणायचा, "थांबा. घाई नाय."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काम चोख असतं, पण त्यांच्या चोखपणाचा शेजारच्याला थोडा वैताग येतो.

ऐंशी साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. वसईजवळ वालीवला स्टोव्हचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. पत्र्याची शेड, ओळीने सात प्रेस, दिवसभर धाडधाड. मी तिथे सुपरवायझर होतो, वय सत्तावीस. तो माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठा, तिसऱ्या प्रेसवर बसणारा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. एकदा लिहिलं होतं, ते कसं, हेच सांगायचं आहे.

तो समुद्रकाठच्या कळंबचा. घरची बोट होती, वडील आणि भाऊ दर्यावर जायचे. याला मात्र बोट लागायची. किनारा दिसेनासा झाला की ओकाऱ्या सुरू. चार वर्षं प्रयत्न करून शेवटी भावानेच त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि सांगितलं, परत चढू नको. गावात हसं झालं. मग तो कारखान्यात आला आणि मासेमारीची हौस गोड्या पाण्यावर भागवू लागला.

"दर्याचं पानी मला मानवत नाय," तो सांगायचा. "तळ्याचं पानी गरीब. हलत नाय, डुलत नाय."

हायवेच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी एक लहान धरण होतं. जवळच्या पाड्यातल्या एका माणसाची होडी तिथे असायची. रविवारी पहाटे हा कळंबहून सायकल मारत तिथवर जायचा. घरी त्याचा मासा कुणी खात नसे. बायको सोपाऱ्याच्या बाजारात मासळी विकायची; तिच्या मते गोड्या पाण्याच्या माशाला चिखलाचा वास येतो. त्यामुळे लागलेला मासा होडीवाल्याच्या घरी जायचा, आणि हा रिकाम्या पिशवीने खुशाल परत.

जेवणाच्या सुट्टीत तो चमचे बनवायचा. पितळी पत्र्याचा एखादा टाकाऊ तुकडा मला विचारून घ्यायचा, लाकडाच्या खळग्यात ठेवून ठोकायचा, चमच्याच्या पोटासारखा बाक आणायचा आणि मागे गळ अडकवायचा. हा चमचा होडीमागे पाण्यात ओढत न्यायचा, की तो डुलतो, चकाकतो आणि मरळीला वाटतं लहान मासा पळतोय. त्याला तो 'चालता गळ' म्हणायचा. चमच्याच्या पुढे वीतभर तार, कारण मरळीचे दात. तारेच्या पुढे फिरणारी कडी, नाहीतर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, पिळतो. गाठ मारली की आवळण्याआधी ती जिभेने ओली करायची, कारण कोरडी गाठ घासून जळते. आणि पाण्यात असताना तंगूस कधीही बोटाला गुंडाळायचा नाही. हे शेवटचं तो नेहमी दोनदा सांगायचा.

"मासा मोठा आसला तर बोट घेऊन जाईल," तो म्हणायचा. "मासा गेला तर दुसरा भेटंल."

त्या वर्षी दिवाळीआधी मोठी ऑर्डर आली. प्रत्येक प्रेसला पुढे लोखंडी जाळी होती. ती खाली आल्याशिवाय प्रेस बसायचा नाही, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्यात वेळ जायचा. शेठ म्हणाले, जाळ्या काढा. मी पाना घेतला आणि सातही जाळ्या माझ्या हाताने उतरवल्या.

तो माझ्याजवळ आला. "साहेब, माझी तेवढी र्‍हाऊ द्या."

"सगळ्यांच्या काढल्या. तुमची एकट्याची कशी ठेवू?"

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, "दिवाळी होऊ द्या, मग बसवतो."

त्यानंतर पाचव्या दिवशी त्याने पायडल एकदा दाबलं आणि प्रेस दोनदा बसला. उजव्या हाताची पहिली दोन बोटं गेली. तो ओरडला नाही. डाव्या हाताने मनगट घट्ट धरून माझ्याकडे चालत आला आणि म्हणाला, "परेस बंद करा. दुसरा कोन बसंल."

त्याला दवाखान्यात पोचवून मी परत आलो, तेव्हा शेठनी अपघाताची वही उघडून ठेवली होती. माझं अक्षर चांगलं, म्हणून अशा नोंदी मीच करायचो. शेठ म्हणाले, "जाळीचं लिहिलंस तर कारखान्याला टाळं लागेल. इतक्या घरांच्या चुली बंद होतील. तू बघ." मी त्याचं नाव लिहिलं, तारीख लिहिली आणि पुढे लिहिलं: कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. खाली सही केली. शेठ टाळं लागण्याचं बोलले ते खरंही असेल. पण लिहिताना माझ्या मनात चुली नव्हत्या, माझी नोकरी होती.

दोन महिन्यांनी तो कामावर आला. त्याला फाटकावर राखणीला बसवलं. मी त्याच्या नजरेला नजर द्यायचं टाळत होतो. मग एका शनिवारी संध्याकाळी तो वसईला आमच्या वाडीत, घराच्या दारात सायकल धरून उभा राहिला.

"उद्या होडी वल्हवाल का?" त्याने विचारलं. "मला वल्हं धरता येत नाय."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

वल्हवणारा माणूस पाठमोरा पुढे जातो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्याचं तोंड मागे असतं. मागच्या फळीवर तो बसलेला, मी त्याच्यासमोर, दोघांत तीन हातांचं अंतर. डोळे दुसरीकडे न्यावेत असं काही होडीत नव्हतं. डाव्या हातात तंगूस आणि मांडीवर ठेवलेला उजवा हात. चार तास.

माझी वल्ही सुरुवातीला पाण्यावर आपटायची. तो रागवायचा नाही, पण सोडायचाही नाही. "येवढा जोर नको. चमचा फिरायला लागला तर मासा बुजतो, डुलला पायजे." वेग कमी झाला की म्हणायचा, "आता तळाला चालला." चमचा बरोबर डुलत असेल तर तंगुसातून त्याची धडधड बोटाला कळते, म्हणे. "उजव्या बोटाला कळायचं," तो म्हणाला. "डाव्याला अजून अक्कल आली नाय." आणि हसला. मला हसता आलं नाही.

तंगूस पंधरा वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून पंधरा वेळा मोजून, सोडायचा, पाणी गढूळ असेल तर कमी. सरळ रेषेत जायचं नाही, वळणं घ्यायची, पण रुंद. वळणावर चमचा क्षणभर खाली बसतो आणि पुन्हा उठतो, मासा तिथेच झडप घालतो. ऊन चढेपर्यंत गवताच्या कडेने, नंतर खोल पाण्यात. आणि मासा लागला की वल्हवणाऱ्याने थांबायचं नाही. थांबलं तर तंगूस सैल पडतो आणि मासा गळ थुंकतो. हे सगळं मी शिकलो. पावसाळा होऊन तलाव भरला, पुन्हा थंडी आली, तोवर मी वल्ही बरी मारू लागलो होतो. त्याने त्या अपघाताचा शब्द काढला नव्हता. तो मला माफ करतोय की समोर बसवून शिक्षा देतोय, हे मला कळत नव्हतं. दर शनिवारी मला वाटायचं, उद्या जाऊ नये. आणि दर रविवारी मी जायचो.

डिसेंबरातल्या एका सकाळी गवताच्या कडेने जात असताना तो म्हणाला, "साहेब, एक इचारू?"

"विचारा."

"पलीकडच्या गल्लीत एक कारखाना हाय. साच्यांना पॉलिश मारायचं काम व्हतं. डाव्या हातानं जमलं आसतं. त्यानं आपल्या शेठला फोन केला. मग मला म्हनाला, तू निष्काळजी हाय, तुझ्या नावावर तसं लिवलंय." त्याने तंगूस जरा सोडला. "वहीत तुमीच लिवता ना?"

माझे हात थांबले.

"वल्हवा," तो म्हणाला. "चमचा तळाला बसंल."

मी वल्हवू लागलो आणि म्हणालो, "हो. मीच लिहिलं."

"जाळी कुनी काढली ते लिवलं?"

"नाही."

"मी तीनदा सांगितलं, ते?"

"नाही."

त्याने सोडलेला तंगूस हातभर आत घेतला. मग म्हणाला, "बोटांचं नाय येवढं. परेसवर जातात बोटं. पन निष्काळजी?" त्याने पायाजवळच्या गळांच्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी?"

त्याच वेळी मासा लागला. मोठा असावा, होडी जाणवण्याइतकी मागे ओढली गेली. एरवी अशा वेळी तो तंगूस हळूहळू सोडायचा, घ्यायचा, पुन्हा सोडायचा. त्या दिवशी त्याने हिसका दिला. पहिल्यांदाच. तंगूस तुटला. तुटकं टोक हातात धरून तो म्हणाला, "ही बगा, ही माझी चूक. ही लिवा."

सोमवारी मी कारखान्यात लवकर गेलो. वही उघडली. जुन्या नोंदीखाली जागा होती. मी लिहिलं: प्रेसची जाळी मी स्वतः काढली होती. सदर कामगाराने ती बसवण्यासाठी तीन वेळा सांगितले होते. त्याचा निष्काळजीपणा नव्हता. वरील नोंद खोटी आहे. खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. अक्षर चांगलं आलं नाही.

महिन्याभराने तपासणीला आलेल्या माणसाने ते वाचलं. जाळ्या परत बसल्या. कारखान्याला टाळं लागलं नाही. शेठनी मला त्याच आठवड्यात काढलं. मी पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात जाऊन खरं काय ते सांगितलं, पण त्यांनी दुसरा माणूस केव्हाच घेतला होता. त्याचं फाटक काही सुटलं नाही.

वहीतल्या ओळी मी कागदावर उतरवून घेतल्या होत्या. त्या लिहिल्यानंतरच्या रविवारीच, होडी सोडण्याआधी बांधावर बसून त्याला वाचून दाखवल्या. तो म्हणाला, "परत वाचा." मी वाचल्या. "परत." तिसऱ्यांदा ऐकताना त्याने डोळे मिटले होते. मग म्हणाला, "आता बरोबर हाय," आणि उठून होडीकडे गेला. तुम्हाला वाटेल, त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला असेल, काहीतरी बोलला असेल. तसं काही झालं नाही. आम्ही नेहमीसारखे गवताच्या कडेने गेलो. दोन मरळी लागल्या.

यापुढचं सांगणं मला जास्त जड जातं. ते लिहून झाल्यावर मला हलकं वाटलं, आणि हलकं वाटू लागल्यावर मी तलावावर जाणं कमी केलं. मला ठाण्याला नोकरी लागली होती, लग्न ठरलं होतं, कारणं होतीच. आधी एक रविवार चुकला, मग तीन, मग महिने. त्याने कधी निरोप पाठवला नाही. माझ्यामागे त्याची होडी कोण वल्हवत होतं, की कुणीच नव्हतं, हे मी विचारलंही नाही.

दोन वर्षांनी वसईच्या बाजारात जुन्या कारखान्यातला एक जण भेटला. बोलता बोलता म्हणाला, तो कावीळ होऊन गेला. पावसाळ्यात. तीन महिने झाले.

पुढच्या रविवारी मी पहिल्यांदाच कळंबला गेलो. घर विचारत विचारत पोचलो. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातले होते आणि एक बाई खालून एकेक नीट करत होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, तिनेही मला. मी म्हणालो, "वहिनी, मी त्यांच्या कारखान्यात होतो. वालीवला."

तिने हात पुसले. "साहेब काय तुमी?"

"हो."

ती माझ्याकडे निरखून बघू लागली. म्हणाली, "ते दोन साहेबांचं बोलायचे. एक जाळी काढनारा. त्याची आठवन आली का त्यांना जेवन जायचं नाय. आन दुसरा होडी वल्हवनारा. त्याला आधी वल्हं धरता येत नव्हतं, त्याची नक्कल करून दाखवायचे, आमी हसायचो. पुढं तो यायचा बंद झाला तर म्हनायचे, त्याला काम आसंल." तिने एक बोंबील सरळ केला. "तुमी त्यातले कोन?"

मी ओट्याच्या कडेला टेकलो. होडीवाला म्हणून सांगितलं असतं तर तिने कदाचित आनंदाने घरात घेतलं असतं.

"दोघं एकच, वहिनी," मी म्हणालो. "दोन्ही मीच."

ती आत गेली. आत भांड्यांचा आवाज नव्हता, कसलाच नव्हता. मी उठावं की बसावं ते कळेना, म्हणून बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती चहा घेऊन बाहेर आली. कप तिने माझ्या हातात दिला नाही, ओट्यावर ठेवला. मग माझ्यासमोर जमिनीवर बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "आता सांगा. पयल्यापासून सांगा."