यमूआत्या आणि पद्मिनीचा पिवळा टप

यमूआत्या कुठल्याही गाडीला हात लावण्याआधी तिच्याभोवती एक चक्कर मारायची आणि वीतवीतभर अंतरावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावायची. कलिंगड घेताना आपण करतो तसं. पत्रा शाबूत असला की खणखणीत आवाज यायचा, आत पुट्टी भरलेली असली की बद्द. बद्द आवाज आला की ती मालकाकडे बघायची. "हितं ठोकलीवती ना? सांगा बिनधास्त, मी काय पोलीस हाय?" मग मालक मुकाट्याने कबूल करायचा.

ती पेणजवळच्या गडब गावची. तरुणपणी पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींना पॉलिशपेपर मारायचं काम करायची. नवरा गाड्या रंगवायचा. तो गेल्यावर त्याची पेणमधली शेड तिने चालवायला घेतली. लोक हसले, तेव्हा म्हणाली, "गनपतीच्या पोटावर हात बसलाय, तं बॉनेटवर का नाय बसणार?" साठी उलटली तरी पदर खोचून, कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून ती दिवसभर गाड्या खरवडायची. हसायला लागली की आधी आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे. मग तिला कुठेतरी बसावंच लागायचं.

आमच्या अण्णांची पद्मिनी तिच्याकडे नेली ती आई-अण्णांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षं होणार होती म्हणून. रोह्यात अण्णांचं औषधांचं दुकान, आणि ही गाडी म्हणजे त्यांचा जीव. ती त्यांनी लग्नाआधी शोरूममधून नवी कोरी आणली, हे आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावं लागे. दोन वर्षं नंबर लावला होता, चावी हातात देताना मॅनेजरने पेढा भरवला होता, सीटवरचं प्लास्टिक वर्षभर काढलं नव्हतं. पेणच्या माझ्या आजोबांनी गाडी पाहिली आणि उभ्या उभ्या मुलगी दिली. मी लहान होते तेव्हा गोष्टीत पेढा नव्हता. तो नंतर आला.

यमूआत्याने टकटक सुरू केली. डाव्या बाजूला, बॉनेटशेजारी, चार ठिकाणी बद्द वाजलं.

"शेठ, हितं काय होतं?"

"आरसा," अण्णा म्हणाले.

तिने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय. आरसा असंल."

मला दिवाळीची सुट्टी होती. आई पेणला मामाकडे राहिली आणि अण्णा रोज शेडमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून देखरेख करू लागले. आत्या ब्रशने दारावर रिमूव्हर फासायची. थोड्या वेळात रंग पापडासारखा फुगायचा, सुरकुतायचा, आणि ती पत्तीने तो सोलून काढायची. वरचा क्रीम निघाला. खालून आकाशी आला. "हा मीच दिलेला," अण्णा खुशीत म्हणाले. त्याखाली राखाडी आला. "कंपनीचा मूळ रंग," अण्णांनी जाहीर केलं. आत्याने ब्रश पुन्हा फिरवला आणि त्याखालून काळा आला.

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "त्या काळी प्रायमर काळा असायचा."

"असंल शेठ."

तिसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढून टपाला लागली. मी बाजूलाच उभी होते. तिने पत्ती एकदा लांब ओढली आणि खाली हळदीसारखा पिवळा टप. काळी गाडी, पिवळा टप. मुंबईला जो एकदा जरी गेला असेल त्याला पुढचं सांगायला नको. अण्णा खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. त्यांचा चेहरा बघून मला हसताही येईना आणि हसू आवरेनाही.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. आई डबा घेऊन आली होती.

पुढे आत्याने जे केलं ते मी आजही कुणाला सांगायला लागले की मला मध्येच थांबावं लागतं. जवळचं पोतं तिने टपावर फेकलं आणि स्वतः त्यावर चढून आडवी झाली, डोक्याखाली हात घेऊन.

"अगं, उतर खाली, जेवून घे," आई म्हणाली.

"नाय गो वैनी. मना हितंच बरा वाटतंय. वारा लागतंय."

शेडमध्ये वारा नव्हता. आई टपाकडे बघत राहिली. पोत्याखाली रिमूव्हर ओला होता. आत्या इंचाइंचाने घसरू लागली, काहीच होत नसल्यासारखा चेहरा ठेवून. मग पोतं, आत्या आणि रंगाचे पापुद्रे सगळं मिळून काचेवरून बॉनेटवर आलं.

आईने आधी तिला उठवलं, लागलं नाही ना विचारलं. मग पिवळ्या टपाकडे पाहिलं आणि डबा उघडत म्हणाली, "टॅक्सीच होती ती. मला माहीत आहे."

अण्णांनी मान वर केली. "कधीपासून?"

"लग्नानंतरच्या आठवड्यापासून. माझं कानातलं सीटखाली पडलं. हात घातला तर टॅक्सीच्या भाड्याचं कार्ड मिळालं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची गोष्ट चांगली होती. दर वर्षी वाढत होती. मला बघायचं होतं कुठवर जाते."

आत्याचे खांदे हलायला लागले. ती बॉनेटला टेकून खाली बसली. मीही बसले. पण अण्णा उठून बाहेर गेले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. पाठमोरे ते फार लहान दिसत होते. माझं हसू तिथेच गेलं.

आत्या डोळे पुसत त्यांच्याकडे गेली. मीही मागोमाग गेले.

"तुझ्या आजोबांनी विचारलं, नवी का," अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले. "मी हो म्हटलं. मग थांबताच आलं नाही."

"शेठ, मना पयल्या दिवशी कळलंवतं," आत्या म्हणाली. "ती चार बुजवलेली भोकं मीटरची. पन पत्रा बघा तुमी. एवढी मुंबई हिंडून आली, कुठं सडली हाय का? नवी आनली असती तं एवढी जपली असती का, सांगा." आणि तिने पत्ती त्यांच्या हातात दिली. "उरलेला टप तुमीच काडा."

अण्णांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, तिचे हातमोजे चढवले आणि टप सोलायला लागले. थोड्या वेळाने आई खालून विचारत होती, "आणि पेढा?" अण्णा वरून म्हणाले, "पेढा खरा होता. ड्रायव्हरने दिला. गाडी विकली म्हणून रडत होता बिचारा." आई इतकी हसली की डब्यातली आमटी सांडली. त्या भरात अण्णांनी गाडी पुन्हा काळी-पिवळी करायचं ठरवलं. आत्याने नाही म्हटलं. "वडखळच्या नाक्यावर मानसं हात दाखवतील, तुमी थांबाल. मना म्हाईत हाय." शेवटी क्रीमच दिला, आरशासारखा.

गाडी न्यायच्या दिवशी मी सहज विचारलं, "आत्या, तुम्ही रंगवलेल्या गाडीत कधी फिरलात?" ती म्हणाली, "माज्या हातात असते तवा तिला सीट नसते. सीट बसली का मालक नेतंय."

अण्णांनी मागचं दार उघडून धरलं. "बसा. कुठं सोडू?"

"रोह्याला," ती म्हणाली. "जाऊन परत."

पुढे वर्षभरात रस्ता रुंद झाला, त्यात शेड गेली, आणि आत्या उरणला मुलीकडे राहायला गेली. त्या दिवशी मात्र ती मागच्या सीटवर आईशेजारी, हात धुऊनही नखांत क्रीम रंग घेऊन, ताठ बसली होती. तिचं गाव, गडब, आलं तसं तिने अण्णांना थांबायला सांगितलं. पानटपरीपाशी चार-पाच माणसं उभी होती. आत्या दार उघडून उतरली, त्यांच्या देखत पदर नीट केला, पुन्हा आत बसली आणि दार ओढून घेतलं.

"काय काम होतं?" अण्णांनी विचारलं.

"झाला," ती म्हणाली. "चला आता."