माझ्या वाटणीचं शेण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या दारावरची बायबलच्या वचनाची पाटी भिंतीला ओल आल्यामुळे निघाली नव्हती. ती मीच उतरवली आणि कपाटामागे ठेवली.

गल्लीत ख्रिस्ती घरं दोनच, एक माझं आणि एक समोरच्या मार्थामावशींचं. देव तुला एकटं सोडणार नाही, अशा अर्थाचं अभिवचन दोन्ही दारांवरच्या पाट्यांवर रंगवलेलं होतं. त्यावर कुणीतरी येताजाता शेण फासायचं.

आज सकाळीही मावशी स्टुलावर चढून आपली पाटी पुसत होत्या. कोपऱ्यावरून एकजण ओरडला, "काय मावशी, झाली का देवाची आंघोळ?"

"झाली रे बाबा. तुझी राहिली असेल तर ये, पाणी उरलंय."

मी पडद्याआडून ऐकत होतो. मी म्हणजे चर्चचा पंच! दारं लावून घेतलेल्या सभेत अभिवचनांवर साक्ष देताना माझा आवाज काय चढतो! देव सोडणार नाही म्हणे. अरे, देवाचं राहू दे, तू मावशींना सोडलंस त्याचं काय? भर उन्हाळ्यात भिंतीला ओल आली म्हणणाऱ्याचा विश्वास तो केवढा!

हल्ली माझं दार स्वच्छ असतं. पूर्वी शेण दोन घरांत वाटलं जायचं, आता सगळं मावशींकडे जातं. माझ्या वाटणीचंही त्याच पुसतात.

ती पाटी पुन्हा माझ्या दारावर लावणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून लावलेली नाही.