समुद्राशी धुऱ्याचं भांडण

सिस्टर आत्याचं समुद्राशी भांडण होतं. आमच्याकडचा माणूस समुद्रावर जातो, पँट गुडघ्यापर्यंत वर करतो, एखादी लाट अंगावर घेतो, फोटो काढतो आणि घरी येऊन पुढची कित्येक वर्षं सांगत बसतो की पाणी फार खारट असतं. आत्या तिथं राहायला गेली आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्याशी वैर धरून बसली. तेही कशावरून, तर धुऱ्यावरून. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. आमच्या वाशीम जिल्ह्यात धुऱ्यापायी सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, तेव्हा भांडणाचा प्रकार आम्हाला नवा नव्हता. या वेळी समोरचा पक्ष समुद्र होता, एवढंच.

ती माझ्या बाबांची थोरली बहीण. मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर तिची नर्सची नोकरी झाली. सगळा मुलूख तिला सिस्टर म्हणायचा, म्हणून मग घरातले आम्हीही सिस्टर आत्या म्हणायला लागलो. बाबा मात्र तिला बाई म्हणत. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलंच तर "वेळ कोणाले होता" एवढंच म्हणून ती विचारणाऱ्याचा रक्तदाब तपासायला घ्यायची.

दसरा झाला की तांडे ऊसतोडीला निघतात. एकदा ट्रक भरून उभा होता आणि त्यात दिवस भरत आलेली एक बाई बसलेली आत्याने पाहिली. तिने मुकादमाला सांगितलं की हिला खाली उतरव. तो म्हणाला, एक कोयता कमी पडतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. तिकडे माणसं अशीच मोजतात. आत्याने वाद घातला नाही. लसीचा डबा ट्रकच्या पुढच्या चाकासमोर ठेवला आणि त्यावर बसून शांतपणे सुपारी कातरायला लागली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, मुकादमाने आरडाओरडा केला, तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी हात जोडले. शेवटी बाई उतरली आणि तिच्यासोबत तिचा नवराही उतरला. ते बाळंतपण आत्याच्या क्वार्टरमध्येच झालं.

पण अशा माणसाच्या दाराला कडी राहत नाही. तिला आयुष्यभर हाका आल्या. जेवताना, अंघोळीला बसली असताना, तापाने फणफणली असताना. निवृत्त होऊन ती रिठदला आमच्या घरी राहायला आली, तर हाका तिच्या मागोमाग आल्या. आई म्हणायची, आता आराम करा, आणि तेवढ्यात ओसरीवर कुणीतरी इंजेक्शनची सुई घेऊन उभा. शिवाय घरातल्या सगळ्यांनी मनातल्या मनात तिच्यावर एकेक काम टाकून ठेवलं होतंच. काकांची नातवंडं सांभाळायची, आईचे गुडघे चोळायचे, बाबांचं पथ्य बघायचं. तिला विचारायची गरज आहे असं कुणालाच वाटलं नाही.

एका संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तिने सांगून टाकलं, "मी समुद्रावर राहायले चालली."

नोकरीत असताना कधीतरी प्रशिक्षणासाठी तिला रत्नागिरीकडे पाठवलं होतं. तिथं एका संध्याकाळी ती किनाऱ्यावर बसली असताना सोबतच्या नर्सेसनी तिला मागून पुष्कळ हाका मारल्या आणि तिला एकही ऐकू आली नाही. लाटांचा आवाजच तेवढा होता. हे तिने आम्हाला असं सांगितलं, जसं दुसरं कुणी देव दिसल्याचं सांगेल. "तिथं हाक पोचत नाही," ती म्हणाली. काकांनी म्हातारपणाचा विषय काढला, की तिथं तोंडात पाणी कोण घालेल. आत्याने भाकरीचा तुकडा मोडला. "तहान लागली त उठून पिईन," ती म्हणाली. बाबांनी लोक काय म्हणतील ते काढलं. त्यावर तिने ठेचा मागितला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत ते गप्प बसलेले आहेत आणि त्यांचं गप्प बसणं फार जुनं आहे. आमच्या शेताला लागून चुलत घराण्याचं शेत. दर नांगरटीला त्यांचा नांगर आमच्या धुऱ्यात थोडा घुसायचा. आजोबा बघायचे आणि म्हणायचे, आपलेच भाऊबंद आहेत. पुढे नांगर जाऊन ट्रॅक्टर आला, आजोबांच्या जागी बाबा आले, वाक्य तेच राहिलं. आत्या निवृत्त होऊन आली त्याच उन्हाळ्यात त्या घरातल्या चुलत्याने धुऱ्यावरचा हद्दीचा दगडच उपटून नाल्यात फेकला. आत्याने बाबांना सांगितलं, चल, दोघं मिळून लावू. बाबा म्हणाले, कायले वाढवतं, जाऊ दे. आत्या एकटी नाल्यात उतरली आणि तो दगड घरी घेऊन आली. वरवंट्याचा थोरला भाऊ म्हणावा असा, काळा, लांबट.

तो दगड घेऊनच ती समुद्रावर निघाली. मी कारंज्याला शाळेत शिकवते, त्यामुळे आदल्या दिवशी ती माझ्याकडे मुक्कामाला होती आणि पुण्याच्या गाडीत मीच तिला बसवलं. एक ट्रंक, एक वळकटी आणि दगडाची पिशवी. पिशवी उचलताना कंडक्टरचा खांदा खाली आला. यात काय आहे म्हणून त्याने विचारलं, तर आत्या म्हणाली, "दगड हाये. दगडाचं तिकीट लागते काय?" गाडीतली माणसं हसली. मलाही हसू आलं, पण मग तिचा चेहरा पाहिला. खिडकीतून तिने मला एवढंच सांगितलं, "तुह्या बापाले नाही लावता आला. मी लावीन."

समुद्राकाठच्या एका लहान गावात तिने दोन खोल्यांचं कौलारू घर घेतलं. मागे आवार, आवारात चारसहा माड आणि पुढे थेट वाळू. जुना मालक ते विकून मोकळा का झाला, हे तिला पहिल्या पावसाळ्यात कळलं. भरतीला पाणी आवारात शिरायचं आणि ओसरताना थोडी जमीन सोबत न्यायचं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. आत्याने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका टवटवीत होता. "इथंयी भाऊबंद निंघाला पोरी," ती म्हणाली. "धुरा कोरून राह्यला."

आणि तिने धुरा घातला. अगदी रिठदला घालतात तसा. माती ओढून ताल, म्हणजे उभा वरंबा, रचला, वरून बडवला, कडेला घायपात लावली, आणि आपल्याकडे धुऱ्यावर तूर अन् अंबाडी पेरतात म्हणून तिथंही पेरली. आपल्या काळ्या मातीत असा धुरा वर्षानुवर्षं टिकतो. तिथल्या वाळूमातीचा तो धुरा पहिल्या मोठ्या भरतीने सकाळच्या चहापर्यंत नेला. तूर खाऱ्या वाऱ्याने जळाली. घायपात तेवढी जगली, कारण ती आत्यासारखीच होती. गावाने तिचं नाव बांधवाल्या बाई ठेवलं. शेजारच्या काकूंनी समजुतीने सांगितलं की हा दरवर्षी आत येतो, कुणाचं ऐकत नाही, तुम्ही कितीही रचा. आत्या म्हणाली, येऊ द्या, पण गुमान नेऊ देणार नाही.

दुसऱ्या वर्षी तिने मातीचा नाद सोडला आणि तिकडचे जांभ्या दगडाचे तुटके चिरे गोळा करायला लागली. उभे न रचता समुद्राकडे उतार देऊन रचले. एका टोकाला रिठदचा काळा दगड रोवला, तोच तिच्या हद्दीचा. पावसाळ्यात समुद्र अर्धं पाडायचा, दिवाळी झाली की ती पुन्हा रचायची. रोज सकाळी फुटलेल्या कपातला काळा चहा घेऊन त्या दगडापाशी उभी राहायची आणि समोर बघून म्हणायची, "तिकडलं तुह्यं, इकडलं माह्यं." मग दिवसभर कुणाशी बोलली नाही तरी तिचं भागायचं. हे वेड होतं का? होतं. पण आमच्या घरात शहाण्यांनी काय केलं होतं तेही मी पाहिलं होतं.

एकदा घरच्यांनी मला तिला परत आणायला पाठवलं. नोकरीवाली, समजूतदार, तिची लाडकी, म्हणून मी. जाताना आईने दिलेले बोलायचे मुद्दे मी गाडीत पाठ करत होते. पोचले तेव्हा आत्या कमरेला पदर खोचून चिरा सरकवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, दुसरीकडून धर. संध्याकाळपर्यंत आम्ही चिरे वाहिले. माझ्या हाताला फोड आले आणि मुद्दे एकेक करून विसरले. चुलीवरची भाकरी आणि काकूंनी दिलेली सोलकढी खाताना शेवटी मी बाबांचा निरोप सांगितला, की एकटी राहू नकोस, हट्ट सोड.

"सांग तुह्या बापाले," ती म्हणाली, "एकटी हाये, पण बेदखल नाही."

मी परत येऊन हे वाक्य बाबांना जसंच्या तसं सांगितलं.  ते उठले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले, आणि पाणी आधीच दाखवून झालं होतं.

गेल्या भाद्रपदात काकूंचा फोन आला. आत्या रात्री झोपली ती सकाळी उठली नाही. आमची वाट पाहू नका, वऱ्हाडातून यायला वेळ लागतो, असं तिने काकूंना कधीच बजावून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही पोचेपर्यंत गावाने सगळं उरकलं होतं. बाबांनी समुद्र आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो असा. त्यांना फार लागलं. भाऊ असून अग्नी देता आला नाही, हे ते ओट्यावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला आत्याचा राग आला, खरं सांगते. मरणातही तिने कुणाला हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आवारात गेले. त्या पावसाळ्यात समुद्राने निम्म्याहून जास्त बांध पाडला होता. एक माड आडवा पडला होता. काकू सांगत होत्या की गेल्या त्याच्या आदल्या संध्याकाळपर्यंत बाई चिरे लावत होत्या, मी म्हटलं पाऊस जाऊ द्या, तर हसल्या. बाबा ऐकत होते आणि समोर बघत होते.  मग त्यांनी मला विचारलं, "किती सरकला हा?"

हा प्रश्न मी लहानपणापासून आजोबांच्या तोंडून ऐकत आले होते, पण ते विचारून गप्प बसायचे. बाबांनी उत्तराची वाट पाहिली नाही. धोतर खोचलं, वाळूत उतरले आणि पहिला चिरा उचलला. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी पडलेलं पुष्कळसं रचून काढलं. बाबा रडत होते आणि रचत होते, आणि समुद्राला अशा शिव्या देत होते की काकू आत निघून गेल्या. त्या शिव्या समुद्राच्या नव्हत्याच. त्या कितीतरी नांगरटींच्या साठलेल्या होत्या.

टोकाचा काळा दगड वाळूत कलंडला होता. तो आता पुन्हा रोवतील म्हणून मी खड्डा मोकळा केला. बाबांनी दगड दोन्ही हातांनी उचलला, त्याच्या अंगाला चिकटलेले बारीक शिंपले बोटाने चाचपले आणि खड्ड्यात त्याऐवजी एक चांगला जाड चिरा बसवला. "ह्याची जागा इथं नाही," म्हणाले. आत्याच्या ट्रंकेतून तिची नोकरीतली पांढरी साडी काढली आणि दगड त्यात गुंडाळला. ते घर आम्ही विकलेलं नाही. काका म्हणतात वाऱ्यावर टाकलंय. टाकलं तर टाकलं. येत्या दिवाळीत मी चिरे रचायला जाणार आहे.

पुण्याहून कारंज्याची गाडी धरली. कंडक्टरने पिशवी सरकवायला हात घातला, ती हलेना, तेव्हा त्याने विचारलं की काका, यात काय आहे. बाबा आयुष्यभर खालच्या आवाजात बोललेला माणूस. पार मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं ते म्हणाले, "धुरा हाये आमचा." आणि पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली.

रिठदला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी ते सकाळीच खणायची सब्बल घेऊन शेतात गेले. मी मागे होतेच. दगड जिथून उपटला गेला होता ती जागा आता चुलत्याच्या सोयाबीनमध्ये आत गेली होती. बाबांना ती शोधावी लागली नाही. त्यांनी तिथंच खणायला घेतलं. चुलते पलीकडच्या गोठ्यातून धावत आले आणि म्हणाले, काय करून राह्यला दिगू, पीक उभं हाये. बाबांनी दगड खड्ड्यात सोडला, भोवती माती लोटली, पायाने दाबली, आणि मग मान वर केली.

"बाईचा दगड हाये," ते म्हणाले. "समुद्राले नाही नेता आला. तू हालवून पाह्य."

 चुलते गोठ्याकडे परत गेले. आता काळ्या रानात तो दगड लांबूनच ओळखू येतो, कारण त्याला अजून पांढरे शिंपले चिकटलेले आहेत. ट्रॅक्टर तिथून वळतो.