पांढऱ्या कोटातली भजीवाली

एसटी स्टँडाबाहेर एक पोरगी भजी तळते, अंगात नर्सबाईचा पांढरा कोट. मला वाटलं, दवाखान्यातली ड्युटी सुटून आली असंल. विचारलं तर हसली.

"नाही आजी, नर्सिंग शिकत होते. आईला लकवा मारला, शिक्षण मधेच सुटलं. शिकायला काढलेल्या कर्जाचं बँकेचं व्याज तेवढं सुटंना."

"सरकार व्याज माफ करतंय म्हणं?"

"ते पास झालेल्यांना. मी कुठं पास?"

भजी खाता खाता मी त्याच गोष्टीवर अडकले. माझी शाळा तिसरीत सुटली. आई खडी फोडायला जायची, धाकटा भाऊ माझ्या कडेवर. हाल झाले, पण सुटलेल्या शाळेचं व्याज कुणी मागितलं नाही. जी पास होऊन काठाला लागली तिला पगार तरी असंल. जी मधेच राहिली तिला हात द्यायचा का नाही, हे कोण ठरवत असंल?

तेल उडालं, कोटावर डाग पडला.

"अगं, चांगला कोट नासतोय."

"हा जुना, आजी. नवा घडी करून ठेवलाय. व्याज फिटलं की परत जायचंय. तोवर पेशंट एकच, घरातली."