बिनआवाजाचा सिनेमा
ओल्या सीटकव्हरचा वास आला की ह्यांच्या टॅक्सीतून घाटकोपरहून सिनेमाला गेलो ती पावसाळी संध्याकाळ आठवते. थिएटरच्या गर्दीत मला हसायचीही लाज वाटते, म्हणून हे मुद्दाम गाडीत बसून बघायच्या सिनेमाला घेऊन गेले. तिथे आवाज गाडीच्या रेडिओवर येतो, आणि आमचा रेडिओ बंद पडलेला. ह्यांचा चेहराच उतरला. मग वायपर चालू करून हे बारीक आवाजात हिरोइनचं बोलणं स्वतःच बोलायला लागले, “अहो, मीटरने येणार का?” मी पदर तोंडाला लावला. हे म्हणाले, “काचांवर वाफ धरलीय गं, कोण बघतंय? हस की.” मी मोठ्यांदा हसले. काल टीव्हीवर तोच सिनेमा लागला. मी आवाज बंद केला आणि ह्यांच्याकडे बघितलं.