सासऱ्यांचा रेसिंगचा क्लच

आमच्या सासऱ्यांइतका क्लचवर जीव टाकणारा माणूस बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि खरं सांगू का, होऊही नये. एका जिल्ह्याला असा एक पुष्कळ झाला. सहकारी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ते तीस वर्षं फोरमन होते. ट्रॅक्टर, ट्रक, जीप, जे म्हणून चाकावर उभं राहतं त्याचा क्लच त्यांनी कधी ना कधी उघडून पाहिलेला, आणि माणसांची पारखही ते त्यावरूनच करत. गिअर वाजवणारा माणूस संसार नीट करूच शकत नाही, हे त्यांचं ठाम मत. मांजरसुंब्याच्या धाब्यांवर उभे असलेले ट्रकवाले त्यांना लांबून येताना पाहिलं की इंजिन बंद करून खाली उतरत आणि चहा प्यायला लागत. ते निघून गेले की मगच गाडी चालू करत. उगाच कशाला भर रस्त्यात आईबापांचा उद्धार करून घ्यायचा!

माझ्या लग्नातलीच गोष्ट घ्या. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ही, चौथं मंगलाष्टक ऐन रंगात आलेलं, आणि मांडवाबाहेरून आवाज आला, खर्रर्र! मांडवाचं सामान आणणाऱ्या टेम्पोवाल्यानं गाडी वळवताना रिव्हर्स कोंबला होता. झालं! वधूपित्यानं हातातल्या अक्षता शेजारच्या माणसाच्या हातात दिल्या आणि धोतर सावरत बाहेर धूम ठोकली. "आबे, गिअर हाय का सुपारी? कावून फोडायलास? देवानं पाय दिलाय ना? तळापर्यंत दाब की!" आत सगळं वऱ्हाड कान देऊन हे ऐकत होतं. भटजींनी बिचाऱ्यांनी तोच श्लोक तीनदा म्हटला. सासरे परत आले, अक्षता परत घेतल्या आणि म्हणाले, "हं, चालू द्या." टेम्पोवाल्याला त्यांनी पुढे आग्रहानं जेवायलाही वाढलं, पण वाढताना क्लचबद्दल बोलणं काही थांबवलं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. धरणाचा तळ दिसायला लागला, उसाचं नाव निघेना, आणि कारखान्याचा बॉयलर एकामागून एक तीन हंगाम थंड पडून राहिला. त्यातच सासरे निवृत्त झाले. बिनकामाचा फोरमन म्हणजे घराला काय ताप असतो, ते माझ्या सासूबाईंना विचारा. पण त्यांच्या कानानं त्या दिवसांत सगळ्या आळीची सोय केली. पाण्याचा टँकर फाट्यावर वळला की ओट्यावर बसल्या बसल्या ते जाहीर करत, "आला." मग चढावर तो कसा कण्हतो ते ऐकून म्हणत, "आर्धाच भरलाय. पळा लवकर." बायका घागरी घेऊन पळत. एकदा एका बाईनं शंका काढली, की काका, हा ट्रक असेल. सासऱ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की पुढे वर्षभर ती बाई त्यांना पदर घेऊन नमस्कार करत होती.

त्या रिकामपणात त्यांच्या हाती ती गाडी लागली. लाल, दोन दारांची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी शर्यतीची गाडी. कारखान्याच्या चेअरमनच्या मुलानं हौसेनं पुण्याहून आणली होती. दुष्काळाआधीच्या हंगामात ती उसाच्या बैलगाड्यांच्या रांगेत अडकून तिचा क्लच जळाला, तोवर मुलाचा नाद बदलून घोड्यांवर गेला. "फोरमनकाका, तुमीच न्या," म्हणाला, आणि कागदं नावावर करून दिली. सासऱ्यांनी तीत साधा, कंपनीचा क्लच बसवायला काय हरकत होती? पण नाही! त्यांनी पुण्याला तीन खेपा घालून खास रेसिंगचा क्लच आणला. या क्लचच्या दुनियेत अर्धं काही नसतं. धरला तर धरला, सोडला तर सोडला. गाडी जागची हलायची ती मागून कुणी लाथ घातल्यासारखी. सासूबाई एकदाच तीत बसून माजलगावच्या बाजाराला गेल्या, आणि भाजीची पिशवी घेऊन एसटीनं परत आल्या. "मान हाय का गेली, आधी बघा," एवढंच मला म्हणाल्या. सासऱ्यांना मात्र तो क्लच फार आवडला. "खरा गडी हाय. मधलं बोलतच न्हाई," म्हणत. त्यांचं स्वतःचंही तसंच होतं. त्यांना कुणी अर्धा कप चहा दिला तर ते पीतच नसत.

आणि त्या क्लचचं पेडल! मी पहिल्यांदा दाबलं तेव्हा पेडल जागेवर राहिलं आणि माझी सीट मागे सरकली. इतर जावयांना दिवाळीला अभ्यंग, उटणं, पाटाभोवती रांगोळी. मला काय? तर त्या बुटक्या गाडीत घुसून बसायचं, कारण क्लचच्या तेलात हवा शिरलेली असायची आणि ती काढायला पेडलवर एक आणि गाडीखाली एक अशी दोन माणसं लागतात. खालून हुकूम यायचे, "दाबा, जावईबापू. धरा. धरा म्हणलं ना! सोडा." एका दिवाळीत मी शंभरेकदा तरी दाबलं असेल. रात्री फराळाला बसताना माझा डावा पाय माझं ऐकत नव्हता, आणि ही मला खुणेनं विचारत होती, की माहेरी येऊन नाचलात का काय.

अखेर एका साली धरणात पाणी आलं. शेतांत ऊस उभा राहिला, आणि कारखान्यानं बॉयलर पेटवायचा दिवस ठरवला. पूजेला जुन्या फोरमनला मानानं बोलावणं आलं. सासऱ्यांनी ठरवून टाकलं: जायचं ते या लाल गाडीतून, स्वतः चालवत, गेटातून थेट वर्कशॉपापर्यंत. आणि नेमकी तेव्हाच गाडीनं दगा दिला. गिअर टाकला की खर्रर्र! जो आवाज जगात कुणी काढलेला त्यांना खपत नव्हता, तो त्यांच्याच हाताखाली निघायला लागला. गेटावर कोण असणार? तर ज्यांना त्यांनी याच आवाजासाठी तीस वर्षं शिव्या घातल्या, ती सगळी वर्कशॉपातली माणसं. त्यांच्यासमोर गिअर वाजला तर पुन्हा त्या गेटात पाय ठेवायचा नाही, असं ते मला म्हणाले, आणि ते तसं वागले असते यात मला तिळभर शंका नव्हती.

मग सुरू झाली शोधाशोध. तेल बदललं, हवा काढली, सिलिंडरची रबरं बदलली. पेडलचा रॉड लांब केला तर क्लच घसरायला लागला, पुन्हा आखूड केला. गिअरबॉक्स दोनदा उतरवला. दांडीचं टोक बॉक्सला आणि मूठ कानाला, असा मोठा स्क्रूड्रायव्हर लावून ते डॉक्टरसारखे तासन्‌तास ऐकत बसत. बॉयलरच्या पूजेला चार दिवस उरले, तेव्हा मला बीडहून बोलावून घेतलं. सकाळी नाश्त्याआधीच मला गाडीत बसवलं आणि स्वतः खाली आडवे झाले. "टाका गिअर, मी ऐकतो." मी टाकला. पहिला, दुसरा, तिसरा, रिव्हर्स. आवाज नाही! लोण्यात सुरी. सासरे खालून हसत बाहेर आले, "बसला बघा जागेवर!" मला उतरवून स्वतः बसले. खर्रर्र! पुन्हा खाली, पुन्हा मी. आवाज नाही. पुन्हा ते. खर्रर्र! असं पाच वेळा झालं. मी भूगोलाचा मास्तर, मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, पण पाचव्या वेळी मी दारापाशी उभा राहून त्यांच्या पायाकडे पाहिलं. पेडल तळापासून चार बोटं वरच थांबलं होतं. डावी मांडी थरथरत होती. त्यांनी मान वर केली, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

"मामा, पेडल फार जड आहे हो," मी घाईघाईनं म्हणालो.

"जड न्हाई. क्लच असाच असतो."

ओट्यावर सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगून टाकलं, "क्लच धड हाय. गुडघा गेलाय तुमचा. दोन वर्षं झाली पूजेला पाटावर बसत न्हाईत. मी काय आंधळी हाय का?"

"तुला काय कळतंय क्लचमधलं?"

"क्लचमधलं न्हाई कळत. तुमच्यातलं कळतं."

ज्या माणसानं सबंध जिल्ह्याच्या क्लचचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखलं, त्याला आपल्या गुडघ्याचा पत्ता नव्हता, असं मी नाही म्हणणार. पत्ता असणारच. त्यांनी नटबोल्टचे पाने एकेक करून पुसले, पेटीत ठेवले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी धीर करून म्हणालो, "मामा, साधा क्लच बसवू. हलका असतो." "बसवा," म्हणाले. त्या एका शब्दानं मला इतकं वाईट वाटलं, की त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. अर्थात चार दिवसांत साधा क्लच कुठून येणार होता?

बॉयलरच्या दिवशी सकाळी पांढरं धोतर, कडक सदरा, टोपी अशा थाटात ते बाहेर आले. गाडीपाशी थोडा वेळ उभे राहिले. मग किल्ली माझ्या हातात दिली, पलीकडून जाऊन डाव्या सीटवर बसले आणि उजवा हात गिअरच्या दांडीवर ठेवला. "तुमी निस्ता पाय द्या. गिअर मी टाकतो." आणि आम्ही दोघं मिळून एक गाडी चालवत निघालो. इंजिनाचा आवाज चढला की मी दाबायचं, आणि त्याच क्षणी त्यांचा हात हलायचा. पहिल्या मैलात माझा पाय दोनदा चुकला आणि दोन्ही वेळा त्यांनी हात आवरला. घोडं अडलं ते गेटाशी. समोर बैलगाड्या, मुंगीच्या पावलांनी जायचं, आणि दोन्ही बाजूंना वर्कशॉपातली जुनी माणसं कान टवकारून उभी. दुसऱ्यावरून पहिला टाकायचा होता. मी पाय तळापर्यंत दाबला, त्यांनी मनगट वळवलं. आवाज नाही. गाडी सरळ वर्कशॉपासमोर जाऊन उभी राहिली.

माणसं भोवती जमली. एक म्हातारा फिटर काचेतून आत वाकून म्हणाला, "कावून फोरमनसाहेब, आज गाडी पाव्हण्यांच्या हातात?"

"शिकवायलोय त्यांना," सासरे म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वीस वर्षं गाडी चालवतोय मी. "हो," मी म्हणालो, "अजून शिकतोय."

मग मी उतरून त्यांच्या बाजूला गेलो. एवढ्या बुटक्या गाडीतून त्यांना उठता येईना. त्यांनी कुणाकडे न पाहता माझं मनगट घट्ट धरलं, उठले, आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "पाय चांगला पडला तुमचा." मला एकदम रडूच आलं. ते बॉयलरकडे चालू लागले, जरा लंगडत, आणि मनगट त्यांनी पार पूजेपर्यंत सोडलं नाही.